विश्लेषण : अळीच्या अंगात माशीचे ‘नाक’ कसे घडते? वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी काय शोधले?

मोहाची फुले गळू लागली की जव्हार तालुक्यातल्या वावरपासून मोखाड्यापर्यंतच्या पाड्यांवर ती वेचून अंगणात वाळत घातली जातात. एखादी टोपली ओलसर राहून आंबली की थोड्याच वेळात तिच्याभोवती चिलटे जमतात. मुंबईच्या स्वयंपाकघरात हेच काम जास्त पिकलेले केळे करते. जेमतेम अडीच मिलिमीटर लांबीच्या या किड्याला आंबट वास येतो तो डोक्यावरच्या दोन बारीक मिशांमुळे. मात्र हेच चिलट आठवडाभरापूर्वी पांढरी अळी होते, आणि त्या अळीला मिशा, पाय, पंख यांपैकी काहीही नव्हते. मग हे अवयव आले कुठून? मिशीवरच्या हजारभर पेशींपैकी प्रत्येकीला आपले काम आणि मेंदूतली आपली जागा कशी समजते? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी या प्रश्नांवर वर्षानुवर्षे काम केले. चिलटाच्या घ्राणेंद्रियाविषयी जगाला आज जे माहीत आहे, त्यात कुलाब्यातल्या या प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे.

वेरोनिका रॉड्रिग्ज कोण होत्या?

त्यांचा जन्म 1953 मध्ये केनियात झाला. आईवडील मूळचे गोव्याचे. गोव्यातून पूर्व आफ्रिकेत गेलेली कुटुंबे त्या काळी हजारोंनी होती. ब्रिटिश वसाहतींच्या कचेऱ्यांत कारकून, रेल्वेत कर्मचारी, शिंपी, आचारी, शिक्षक अशी कामे गोवेकर करत. नैरोबीत तर त्यांची स्वतःची शाळा, क्लब आणि चर्चभोवतीचे अख्खे समाजजीवन होते. वेरोनिका यांचे शालेय शिक्षण नैरोबीतच झाले. पुढच्या शिक्षणासाठी त्या युगांडातल्या कंपाला येथील मकेरेरे विद्यापीठात गेल्या. हा काळ इदी अमीनच्या राजवटीचा. 1972 मध्ये अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडण्याचा हुकूम दिला आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली कुटुंबे अवघ्या 90 दिवसांत विस्थापित झाली.

वेरोनिका यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाल्या. 1976 मध्ये त्यांनी तिथून सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली. युरोपातली पदवी हाती असलेल्या तरुणीने पुढे लंडन गाठायचे किंवा अमेरिका, हा त्या काळचा सरळ मार्ग होता. भारतातून हुशार विद्यार्थी बाहेर जात असताना वेरोनिका मात्र उलट दिशेने निघाल्या. ओबेद सिद्दीकी यांचे संशोधन त्यांच्या वाचनात आले होते. त्यांच्याकडे पीएचडी करता येईल का, अशी विचारणा त्यांनी केली आणि 1977 मध्ये त्या मुंबईत आल्या. आईवडिलांचा मुलूख असला तरी त्यांच्यासाठी हा देश तसा नवाच होता.

टीआयएफआरमध्ये माश्या कशा आल्या?

होमी भाभांनी उभारलेली ही संस्था गणित आणि भौतिकशास्त्रासाठी ओळखली जाते. तिथे जीवशास्त्राचे दार उघडले ते 1962 मध्ये, भाभांच्या निमंत्रणावरून आलेल्या सिद्दीकी यांनी. सुरुवातीला त्यांचे काम जिवाणूंच्या जनुकांवर होते. नंतर ते अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सीमोर बेंझर यांच्याबरोबर काम करू लागले. भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात आलेल्या बेंझर यांना माशीच्या वागण्यामागची जनुके शोधायची होती. तापमान वाढले की लुळ्या पडणाऱ्या आणि थंडावा मिळताच पुन्हा चालू लागणाऱ्या उत्परिवर्तित माश्यांवर बेंझर आणि सिद्दीकी यांनी 1976 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. सिद्दीकी मुंबईत परतले ते माश्यांचे वेड घेऊनच.

इथे एक खुलासा हवा. कोकणातला आंबा बागायतदार किंवा काकडी-कारली लावणारा शेतकरी ज्या ‘फळमाशी’ला वैतागलेला असतो, ती ही नव्हे. ती आकाराने मोठी असते, फळाला भोक पाडून आत अंडी घालते आणि तिला पकडायला कामगंध सापळे टांगावे लागतात. प्रयोगशाळेतली माशी म्हणजे आपले चिलट, ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. ते पिकाचे फारसे नुकसान करत नाही. त्याला आंबलेल्या फळावरचे यीस्ट हवे असते.

संशोधकांना हे चिलट आवडण्याची कारणे अगदी व्यवहारी आहेत. दुधाच्या बाटलीत, मक्याचे पीठ, साखर आणि यीस्टच्या लगद्यावर ते वाढते. 25 अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला सुमारे 10 दिवस लागतात. गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या. अमेरिकेत थॉमस हंट मॉर्गन यांनी या माशीवर काम करून जनुके गुणसूत्रांवर असतात हे दाखवले आणि त्यांना 1933 चे नोबेल मिळाले. म्हणजे मुंबईतल्या गटाच्या हाती आधीच्या सहा दशकांत जमा झालेला उत्परिवर्तित माश्यांचा साठा आणि जनुकांचे नकाशे होते. महागड्या यंत्रांचा तुटवडा असलेल्या देशात ही फार मोठी सोय होती.

मग अळीत माशीचे पाय-पंख कुठे दडलेले असतात?

सुरवंटाचे फुलपाखरू होताना आतल्या साऱ्या शरीराचा रस होतो आणि त्यातून नवे शरीर तयार होते, असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. अळीचे बरेच अवयव कोषात विरघळतात हे खरे, पण नवे अवयव काही त्या रसातून अचानक उगवत नाहीत. त्यांची तयारी अळी अंड्यात असतानाच सुरू झालेली असते. सतराव्या शतकात डच निसर्गशास्त्रज्ञ यान स्वामरडाम यांनी सुरवंटाचे विच्छेदन करून आत घडी घातलेले पंख आणि पाय दाखवले होते. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट वाइजमान यांनी माश्यांच्या अळ्यांतल्या अशा ऊतींचा अभ्यास करून त्यांना ‘इमॅजिनल डिस्क’ हे नाव दिले. कल्पनेशी त्याचा संबंध नाही. प्रौढ कीटकाला ‘इमॅगो’ म्हणतात, त्यावरून ते आले. मराठीत त्यांना प्रौढावयवांच्या चकत्या म्हणता येईल.

चिलटाच्या अळीत अशा 19 चकत्या असतात. नऊ जोड्या आणि जननेंद्रियांसाठी एक. पायांच्या तीन जोड्या, पंखांची एक, पंखामागे तोल सांभाळणाऱ्या गुंड्यांची (हाल्टर) एक, डोळा आणि मिशी यांची मिळून एक, आणि उरलेल्या तोंड व छातीच्या पुढच्या भागासाठी. अळी खात-फिरत असताना या चकत्यांचा तिला काडीचाही उपयोग नसतो. त्या फक्त वाढतात. पंखाची चकती काही डझन पेशींपासून सुरू होते आणि चार दिवसांत तिच्यात हजारो पेशी होतात. बाहेरून पाहिले तर ती एकाच थराची, घड्या पडलेली पिशवी दिसते.

पायाची किंवा मिशीची चकती समजून घ्यायची तर प्रवासात वापरायचा घडीचा पेला आठवावा. दाबला की एकात एक बसलेल्या कड्यांची सपाट चकती, ओढला की उभा पेला. चकतीच्या मधोमध असलेल्या पेशी पायाचे टोक होतात, काठाच्या पेशी शरीराला जोडलेला भाग. अळी पुरेशी मोठी झाली की एक्डायसोन या संप्रेरकाची लाट येते, अळी कोष करते आणि घडी उलगडून अवयव बाहेर पडतो. आकार त्यानंतर येतो, पण कोणत्या पेशीतून कोणता भाग होणार याचा बराचसा निर्णय आधीच झालेला असतो.

हा निर्णय जनुके घेतात आणि तो किती टोकाचा असू शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण मिशीचेच आहे. अँटेनापीडिया हे जनुक छातीतल्या पायांच्या चकत्यांत काम करते. उत्परिवर्तनामुळे ते डोक्याच्या चकतीत सुरू झाले, तर माशीच्या डोक्यावर मिशीच्या जागी पाय उगवतो. पूर्ण, सांधे असलेला पाय. म्हणजे मिशी आणि पाय यांचा मूळ आराखडा जवळपास एकच आहे. त्या आराखड्यावर कोणता शिक्का बसतो तेवढाच फरक. अवयवांची ओळख ठरवणाऱ्या जनुकांवरील आणि भ्रूणाच्या जडणघडणीवरील कामासाठी एडवर्ड लुइस, क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना 1995 मध्ये नोबेल मिळाले. मिशी पायासारखी न होता मिशीच कशी होते, याचे उत्तर जगभरातले संशोधक शोधत होते. त्यापुढचा प्रश्न होता, मिशी झाली खरी, पण ती वास घेणारे इंद्रिय कशी होते? रॉड्रिग्ज यांचे मुख्य काम इथे आहे.

त्यांची सुरुवात मात्र चवीपासून झाली...

माशीला चव पायानेही कळते. उपाशी माशीच्या पायावरच्या केसाला साखरेच्या पाण्याचा थेंब लावला की ती लगेच सोंड बाहेर काढते. साखर हवीशी, क्विनाइन आणि तीव्र मीठ नकोसे. हे वागणे इतके ठरावीक असते की हजारो माश्यांतून चव न कळणारी एखादी माशी निवडून काढता येते. पीएचडीसाठी रॉड्रिग्ज यांनी हेच केले. 1978 मध्ये त्यांनी आणि सिद्दीकी यांनी चव व वासाच्या मार्गातील जनुकीय दोषांवरचा शोधनिबंध प्रोसिडिंग्ज ऑफ द इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये प्रसिद्ध केला. भारतीय नियतकालिकात छापलेल्या या निबंधाने या क्षेत्रात पुढे महत्त्वाची जागा मिळवली, याची इथे आवर्जून नोंद घ्यायला हवी.

1981 मध्ये त्यांनी अशा एका माशीचे वर्णन केले जिला शर्करांच्या एका गटाची चव कळत नव्हती, पण दुसऱ्या गटाची कळत होती. गोड म्हणजे सगळे एकच, असे आपल्याला वाटते. या माशीने दाखवले की जिभेवर (माशीच्या बाबतीत केसावर) वेगवेगळ्या शर्करांसाठी वेगवेगळी ग्राही ठिकाणे असतात आणि त्यातले एक जनुकीय दोषाने बंद पडले तरी दुसरे चालू राहते. चव ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांची जनुके हाती यायला अजून सुमारे दोन दशके बाकी होती. ग्राही दिसत नसताना, केवळ वागण्यातल्या उणिवेवरून त्याचे अस्तित्व ओळखण्याची ही पद्धत होती. बिघाड पाहून यंत्रातला भाग ओळखावा, तशी.

वासाचा नकाशा म्हणजे काय?

पीएचडीनंतर रॉड्रिग्ज जर्मनीत ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक जैविक सायबरनेटिक्स संस्थेत गेल्या. तिथे एरिक बुखनर यांच्याबरोबर त्यांनी एक अवघड प्रयोग जमवला. काम करणारी चेतापेशी जास्त ग्लुकोज ओढते. ग्लुकोजसारखाच, पण किरणोत्सारी अणू बसवलेला पदार्थ माशीला दिला आणि तिला एखादा वास दाखवला, तर मेंदूचा जो भाग कामाला लागला असेल तिथे किरणोत्सार साचतो. सस्तन प्राण्यांवर ही पद्धत आधी वापरली गेली होती. माशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा असतो. त्याचे पातळ काप घेऊन हे पाहायचे होते.

1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसले की मिशीतून आलेल्या संवेदना मेंदूतल्या घ्राणखंडात छोट्या गोलसर गाठींत पोहोचतात, आणि वेगळ्या वासाने वेगळ्या गाठी कामाला लागतात. 1988 मध्ये त्यांनी हे अधिक तपशिलाने मांडले. म्हणजे वासाची ओळख मेंदूत जागेच्या भाषेत लिहिलेली असते. वास ओळखणाऱ्या ग्राहींची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी उंदरांमध्ये 1991 मध्ये शोधली, त्यासाठी त्यांना 2004 चे नोबेल मिळाले. माशीतली तशी जनुके 1999 मध्ये सापडली. एकच ग्राही असलेल्या चेतापेशी मेंदूतल्या ठरावीक गाठीतच जाऊन मिळतात, हे त्यानंतर सिद्ध झाले. रॉड्रिग्ज यांच्या नकाशाने या चित्राची रूपरेषा बरीच आधी दाखवली होती.

जर्मनीहून त्या मुंबईला परतल्या आणि टीआयएफआरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. आता प्रश्न बदलला. नकाशा आहे, हे कळले. तो काढतो कोण? चालू इंद्रियाचा अभ्यास सोडून ते इंद्रिय घडते कसे याकडे वळायचे, म्हणजे प्रौढ माशीकडून मागे, कोषाकडे आणि अळीच्या चकतीकडे जायचे. संशोधकाने स्थिरावलेला विषय सोडून अशी दिशा बदलणे सोपे नसते. नव्या तंत्रांसाठी, नव्या अँटिबॉडींसाठी आणि नव्या माश्यांसाठी पुन्हा शून्यापासून जुळवाजुळव करावी लागते.

मिशीवरचा प्रत्येक केस कोण ठरवते?

चिलटाच्या मिशीचा तिसरा, फुगीर भाग म्हणजे त्याचे मुख्य नाक. त्यावर सूक्ष्मदर्शकाखाली 400 हून अधिक केस दिसतात आणि त्यांच्या आत मिळून सुमारे 1,200 घ्राणपेशी असतात. केस तीन प्रकारचे. लांब आणि टोकदार, आखूड व जाडसर खुंटीसारखे, आणि खळगीत बसलेले अगदी इवलेसे. प्रत्येक प्रकार वेगळ्या कामाचा. खुंटीसारखे केस मुख्यतः अन्नाचा वास घेतात, लांब केसांपैकी काही माशीच्या स्वतःच्या जातीचे गंधसंकेत ओळखतात, खळगीतले केस आम्ले आणि अमाइन यांना प्रतिसाद देतात. ते मिशीवर कुठेही विखुरलेले नसतात. प्रत्येक प्रकाराचा पट्टा ठरलेला असतो.

अळीचे स्वतःचे नाक यापेक्षा खूपच साधे. तिच्याकडे दोन्ही बाजूंना प्रत्येकी 21 घ्राणपेशी असतात आणि रूपांतरात हे नाक टाकून दिले जाते. म्हणजे माशीच्या नाकाची उभारणी अळीच्या नाकाची दुरुस्ती करून होत नाही. ते चकतीतून नव्याने घडते.

मुंबईच्या गटाने कोष झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतल्या मिशीच्या चकत्या काढून पाहायला सुरुवात केली. दाभणाच्या टोकाएवढी ऊती, त्यात काही ठरावीक पेशी अचानक इतरांपेक्षा वेगळ्या दिसू लागतात. या होत्या संवेदी केसाच्या मूळपेशी. अंगावरच्या साध्या केसाच्या बाबतीत एक मूळपेशी विभागत जाते आणि केस, त्याची खोबण, चेतापेशी व तिचे आवरण असे सारे तिच्याच वंशातून होते. घ्राणकेसांमध्ये शेजारच्या पेशींशी होणारा संवादही भाग घेतो, असे या गटाने 1997 मध्ये मांडले. नंतर इतर प्रयोगशाळांच्या कामाने या चित्रात दुरुस्ती झाली आणि वंशावळीला अधिक वजन मिळाले. विज्ञानात असे होतेच. मूळपेशी कोणत्या, त्या कधी उमटतात आणि त्यांना कसे ओळखायचे, हे मात्र याच कामामुळे पक्के झाले.

त्याच वर्षी आलेला दुसरा निष्कर्ष अधिक टिकला. अटोनल नावाचे जनुक डोळ्यातल्या प्रकाशपेशी आणि माशीचे ऐकण्याचे इंद्रिय घडवण्यासाठी लागते, हे आधी माहीत होते. (माशीचा कानही मिशीतच, दुसऱ्या भागात असतो.) रॉड्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेत दिसले की अटोनल काम करत नसेल तर मिशीवरचे खळगीतले केस तयारच होत नाहीत आणि तोंडाजवळच्या छोट्या घ्राणेंद्रियावरचे तर सगळेच केस नाहीसे होतात. लांब आणि खुंटीसारखे केस मात्र राहतात. म्हणजे नाक घडवणारे एकच मुख्य जनुक नाही. केसांच्या जातींचे ठेके वेगवेगळ्या जनुकांना दिलेले आहेत. उरलेल्या दोन जातींचा ठेका ॲमोस या जनुकाकडे असल्याचे 2000 मध्ये ब्रिटनमधल्या गटाने दाखवले आणि कोडे पूर्ण झाले.

पण ॲमोसच्या दोन जातींत फरक कोण करते? इथे 1998 चा त्यांचा निष्कर्ष कामी येतो, आणि तो कदाचित सर्वांत देखणा आहे. लोझेंज हे जनुक पूर्ण बंद पडले तर खुंटीसारखे केस नाहीसे होतात. ते अर्धवट चालत असेल तर खुंटीच्या जागी लांब केस येतात. ते कृत्रिमरीत्या जास्त चालवले तर उलट होते, लांब केसांच्या जागी खुंट्या. म्हणजे जनुक चालू की बंद, एवढाच प्रश्न नाही. किती प्रमाणात चालू, यावर पेशीचे भवितव्य ठरते. पंख्याच्या बटणापेक्षा रेग्युलेटरशी त्याचे नाते अधिक जवळचे.

आणि मेंदूपर्यंतची वायर कशी जाते?

केस तयार झाला म्हणजे वास आला असे नाही. प्रत्येक चेतापेशीला आपला धागा मिशीतून मेंदूतल्या नेमक्या गाठीपर्यंत न्यावा लागतो. शेकडो धागे एकाच वेळी निघाले तर गुंता होणारच. 2000 मध्ये रॉड्रिग्ज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवले की इथेही अटोनलचा हात आहे. अटोनलमुळे तयार होणाऱ्या चेतापेशी आधी जन्मतात, त्यांचे धागे आधी निघतात आणि मागून येणाऱ्यांना वाट करून देतात. याच वंशातून ग्लिया नावाच्या सहायक पेशीही येतात, ज्या धाग्यांना गुंडाळून त्यांच्या जुड्या बांधतात. अटोनल नसलेल्या माशीत इतर केसांच्या चेतापेशी शाबूत असतात, पण त्यांचे धागे भरकटतात. शिवाय घ्राणखंडातल्या गाठींचा आकार येण्यासाठी मिशीतून येणाऱ्या धाग्यांची आणि ग्लियाची गरज असते, हेही या कामात पुढे आले. बाहेरचा अवयव मेंदूला घडवायला मदत करतो, असा त्याचा अर्थ.

पुढच्या वर्षांत त्यांच्या गटाने मेंदूच्या बाजूनेही हेच तपासले. घ्राणखंडातल्या स्थानिक आणि पुढे संदेश नेणाऱ्या चेतापेशी कोणत्या मूळपेशीतून येतात, यावर 2008 मध्ये त्यांचे काम प्रसिद्ध झाले. एका टोकाला मिशी, दुसऱ्या टोकाला मेंदू, आणि दोन्ही टोके एकमेकांना भेटेपर्यंतची गोष्ट एकाच संशोधकाच्या नावावर असणे, हे या क्षेत्रात विरळाच.

याचा माणसाशी काय संबंध?

माणसाला मिशा आहेत, पण त्याने वास येत नाही, हा विनोद बाजूला ठेवू. जनुकांचे नाते खरे आहे. अटोनलचे मानवी भावंड असलेले एटीओएच१ हे जनुक आतल्या कानातल्या केसपेशी घडवण्यासाठी आवश्यक आहे. या पेशी नष्ट झाल्या की ऐकू येणे कायमचे कमी होते, आणि त्या पुन्हा उगवता येतील का, या जगभरच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी हेच जनुक आहे. लोझेंजचे मानवी भावंड आरयूएनएक्स१, रक्तपेशींच्या घडणीचे जनुक. त्यातले बिघाड तीव्र ल्युकेमियाच्या काही प्रकारांत आढळतात, त्यामुळे त्याचे जुने नावच एएमएल-१ होते. याही जनुकाचे प्रमाण कमी-जास्त झाले तर फरक पडतो. चिलटाच्या मिशीवर कोणता केस कुठे आला, हे मोजून रक्ताच्या कर्करोगावर औषध सापडत नाही. पण एका जनुकाचे प्रमाण बदलल्याने पेशीची जात कशी बदलते, हे जिवंत प्राण्यात, दहा दिवसांत आणि काही रुपयांच्या मक्याच्या पिठावर पाहता येते.

अशा संशोधनाला निधी का द्यायचा, हा प्रश्न भारतात अधूनमधून विचारला जातोच. कुपोषण आणि पाणीटंचाई असलेल्या देशात माशीच्या मिशीवर खर्च कशाला? आक्षेप अगदीच अनाठायी नाही. मात्र माशीची प्रयोगशाळा ही जीवशास्त्रातल्या सर्वांत स्वस्त प्रयोगशाळांपैकी एक आहे आणि तिच्यातून बाहेर पडतो तो प्रशिक्षित माणूस. रॉड्रिग्ज यांच्याकडे शिकलेले विद्यार्थी पुढे देशात आणि परदेशात स्वतंत्र संशोधक झाले. खर्चाचा हिशेब करताना ही बाजू बहुतेक वेळा गाळली जाते.

अखेरची वर्षे

टीआयएफआरच्या जीवविज्ञान विभागाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. सिद्दीकी यांनी बंगळूरुत उभ्या केलेल्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस (एनसीबीएस) या टीआयएफआरच्याच केंद्राशीही त्या जोडलेल्या होत्या. त्यांचे सहकारी के. विजयराघवन हेही माशीच्या जडणघडणीचे अभ्यासक. उडण्याचे स्नायू कसे तयार होतात, हा त्यांचा विषय. ते पुढे केंद्र सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार झाले.

रॉड्रिग्ज यांना स्तनाचा कर्करोग झाला. उपचार चालू असतानाही त्यांचे काम थांबले नाही. 10 नोव्हेंबर 2010 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या 57 वर्षांच्या होत्या. त्यांचे गुरू सिद्दीकी यांचे निधन त्यानंतर, 2013 मध्ये झाले.

त्यांच्या निधनानंतर, 2011 मध्ये त्यांचे नाव असलेला आणखी एक महत्त्वाचा शोधनिबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. एखाद्या वासात बराच वेळ राहिले की तो जाणवेनासा होतो, हा आपला रोजचा अनुभव. माशीतही हेच घडते, आणि त्यामागे घ्राणखंडातल्या, संदेश दाबून धरणाऱ्या स्थानिक चेतापेशींमधला बदल असतो, असे त्यात दाखवले होते. मिशी घडते कशी, तिचे धागे मेंदूत पोहोचतात कसे, यानंतरचा प्रश्न तो हा : तयार झालेले जाळे अनुभवाने बदलते कसे. या कामातले त्यांचे प्रमुख सहकारी मणी रामस्वामी हे ट्रिनिटी कॉलेज डब्लिनचे. वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1976 मध्ये पदवी घेऊन मुंबईची वाट धरली होती, ती याच कॉलेजातून.